मुंबईची नाट्यगृहे : पाहण्याची आणि राखण्याची

संगमेश्वर तालुक्यातील एक जुने स्नेही मध्यंतरी चार दिवसांसाठी मुंबईला आले होते. वडील परळच्या गिरणीत बदली कामगार. स्वतः गावी शेती, आणि शिमग्याच्या दिवसांत नमनाच्या मंडळात मृदंगाची साथ, असा त्यांचा आजवरचा जीवनक्रम. बरोबर नातू होता. त्याला महाविद्यालयातील कामासाठी मुंबईच्या ऐतिहासिक नाट्यगृहांची माहिती हवी होती, आणि पर्यटकांसाठी काढलेली एक सुबक पुस्तिका त्याने कोठून तरी मिळविली होती. तीत रॉयल ऑपेरा हाउस होते, नरिमन पॉइंटचे एन. सी. पी. ए. होते, जुहूचे पृथ्वी थिएटर होते. नानांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "ह्यात दामोदर कुठे आहे?"

पुस्तिकेत दामोदर नव्हते. का नव्हते, या प्रश्नाचा विचार करताना जे सुचले ते येथे मांडीत आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पुस्तिकेतील नाट्यगृहे पाहू नयेत असे माझे म्हणणे नाही. ऑपेरा हाउस अवश्य पाहावे. पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते १९११ मध्ये, बांधकाम पुरे होण्याच्या आधीच, त्याचे उद्घाटन उरकण्यात आले. युरोपीय संगीतिकांसाठी म्हणून बांधलेल्या या वास्तूत पुढे बालगंधर्व गायले, पृथ्वीराज कपूरांच्या मंडळीने हिंदू-मुसलमानांच्या दुराव्यावरची नाटके केली आणि अखेरीस तेथे चित्रपट लागू लागले. १९९३ मध्ये ते बंद पडले आणि तेवीस वर्षांनी, २०१६ च्या ऑक्टोबरात, दुरुस्त होऊन पुन्हा उघडले. कारागिरांनी काम मनापासून केले आहे; नक्षी, झुंबरे, सज्जे सारे पूर्ववत झाले आहे. त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. परंतु ज्या शहरात बादशहाच्या नाट्यगृहाची झुंबरे परत येतात, त्याच शहरात कामगारांच्या नाट्यगृहाचे काय होते, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

मुंबईच्या रंगभूमीचा इतिहास मुळातच मोठा विनोदी आहे. साहेबांनी स्वतःच्या करमणुकीसाठी १७७६ मध्ये किल्ल्यातल्या हिरवळीवर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, बाँबे थिएटर उभारले. ते कर्जात बुडाले आणि १८३५ मध्ये विकले गेले. मग नव्या थिएटरसाठी जागा शोधताना जगन्नाथ शंकरशेट यांनी ग्रँट रोडवरची आपली जमीन देऊ केली, आणि १८४६ मध्ये तेथे नवे नाट्यगृह सुरू झाले. ते किल्ल्यापासून दूर, 'नेटिव्हां'च्या वस्तीत होते. साहेब-मडमांना तेथवर गाडी हाकीत जाणे रुचेना. नाट्यगृह ओस पडू लागले, आणि मोकळ्या झालेल्या त्या रंगमंचावर या देशातील माणसे चढली. सांगलीहून आलेल्या विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने १८५३ मध्ये तेथे खेळ केले. त्याच वर्षी पारशी मंडळीही तेथे उतरली. मराठी, गुजराती, हिंदी अशा तीन भाषांच्या व्यावसायिक रंगभूमीची पाळेमुळे या एका, साहेबाने नाकारलेल्या, इमारतीत सापडतात. त्या इमारतीचा आज मागमूस नाही.

तिच्या आसपास पुढे इतकी नाट्यगृहे झाली की सगळ्या भागालाच 'प्ले हाउस' म्हणू लागले, आणि गाडीवाल्यांनी, हमालांनी त्याचे 'पिला हाउस' करून टाकले. भाषाशास्त्राचे हे काम विद्वानांनी केलेले नाही, हे ध्यानात घ्यावे. ज्यांना प्ले हाउस म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, परंतु रात्री तेथे काय चालते ते पक्के ठाऊक होते, त्यांनी हे नाव घडविले. तमाशाचे फड तेथे लागत. मूकपट आले, बोलपट आले, तसतशी नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. आजही त्या चौकात उभे राहून 'पिला हाउस कोठे' असे विचारले तर माणसे हात दाखवितात. नाटक मात्र तेथे नाही. पलीकडे कामाठीपुरा असल्यामुळे आपला पांढरपेशा नाट्यरसिक त्या रस्त्याने जात नाही आणि पुस्तिकाही त्याला तिकडे नेत नाही.

याच मुंबईत १७ एप्रिल १८९२ रोजी, न्यू आल्फ्रेड थिएटरात, लुकाझिन रिबेरो यांच्या 'इटालियन भुरगो' या कोंकणी खेळाने गोव्याच्या तियात्राचा जन्म झाला. तियात्र गोव्यात जन्मले नाही, मुंबईत जन्मले! धोबीतलावाच्या कुडांतून दाटीवाटीने राहणारे खलाशी, आचारी, वाजंत्री, गोऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या आया हा त्याचा पहिला प्रेक्षक. पोटासाठी गाव सोडून आलेल्या माणसाला आपल्या बोलीतला आवाज ऐकण्याची भूक असते, आणि या भुकेवर मुंबईची निम्मी रंगभूमी उभी राहिली. संगमेश्वरच्या कुणब्याचे नमन आणि साष्टीच्या ख्रिस्ती आचाऱ्याचे तियात्र यांच्यात भाषेचे, धर्माचे अंतर असेल. परंतु दोघांचाही प्रश्न एकच होता. एका रात्रीपुरते सभागृह आपल्याला परवडेल काय?

मला वाटते, नाट्यगृहाच्या इतिहासातला कळीचा प्रश्न हाच आहे. कोणत्या वास्तुशास्त्रज्ञाने आराखडा काढला, संगमरवर कोठून आणला, याची माहिती पुस्तिका देते. संध्याकाळी सभागृह भाड्याने घेण्याची ऐपत कोणाची होती, आणि ती कोणाची उरली नाही, हे ती सांगत नाही.

नाट्यगृह म्हणजे केवळ नाटकाची जागा, असेही या शहरात कधी नव्हते. बोरीबंदरजवळचे एम्पायर १९०८ चे. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी त्या नाट्यगृहात लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. देशातील कामगारांची पहिली मध्यवर्ती संघटना मखमली पडद्याच्या थिएटरात स्थापन व्हावी, ही घटना मला नेहमीच चित्तवेधक वाटत आली आहे. दुसऱ्या वर्षी, ८ जुलै १९२१ रोजी, बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी 'संयुक्त मानापमान'साठी एकत्र उभे राहिले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. शंभर शंभर रुपयांची तिकिटे त्या रात्री खपली. अर्थात ती ज्यांनी घेतली त्यांत गिरणीतला साचेवाला नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. आपल्या संगीत नाटकाचे गोडवे गाताना त्याच्या पुढच्या रांगा कोणाच्या होत्या, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. राज्यकर्त्यांना मात्र रंगमंचाची ताकद आधीच कळली होती. १८७६ साली त्यांनी नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा कायदा केला आणि १९१० मध्ये खाडिलकरांचे 'कीचकवध' बंद पाडले.

आता परळ. येथे थोडे थांबणे भाग आहे.

एन. सी. पी. ए. आणि ऑपेरा हाउस ज्या मुंबईत आहे तिच्या उत्तरेला गिरण्यांची मुंबई होती. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या यांच्या जोडीला कामगाराला करमणुकीचीही गरज आहे, हे ओळखणारा हा दूरदर्शी माणूस. गिरणगावातला कामगार दारूच्या गुत्त्यात जातो म्हणून नाके मुरडणारे सुधारक पुष्कळ होते. त्याने संध्याकाळी दुसरे कोठे जावे, याचे उत्तर शोधणारे थोडे. परळचे दामोदर सभागृह १९२२ मध्ये उभे राहिले ते या विचारातून. नाव गिरणीमालकांच्या घराण्यातले, ठाकरसींचे. मालकाचा पैसा, कामगाराचा मंच. इतिहासात अशा गमती घडतात.

दामोदरची भिंत काही कोरीव नव्हती. परंतु त्या भिंतीच्या आत काय काय झाले ते पाहावे. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांना वाचा फोडण्यासाठी संस्था असावी म्हणून येथेच सभा बोलाविली आणि तिच्यातून त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे कामकाज दामोदरमधून चाले. बाबासाहेबांची कचेरी येथे होती. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला अजून तीन वर्षे अवकाश होता. ज्या बाकांवर दिवसा अर्जदार बसत, त्याच आवारात रात्री कामगारांच्या हौशी मंडळांच्या तालमी चालत. पाळी संपवून, अंगावरची कापसाची फुगडी झटकून, कोणी संभाजी होई, कोणी सुधाकर होई. कोकणातल्या मंडळांनी तर दामोदर आपलेच मानले. नमन-खेळे, जाखडीचा शक्ती-तुरा, सिंधुदुर्गातले दशावतार ही सारी गावच्या मांडावरची कला मुंबईत कोठे नांदली असेल तर दामोदरच्या रंगमंचावर. नानांनी आयुष्यात पाहिलेले मुंबईतले पहिले नाट्यगृह हेच. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी तेथे संकासुर पाहिला आणि भिऊन रडले, असे ते सांगतात.

आणखी एक धागा. २५ मे १९४३ रोजी मुंबईत मारवाडी विद्यालयाच्या सभागृहात भारतीय जननाट्य संघाची, म्हणजे इप्टाची, स्थापना झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष म्हणून निवडले गेले ते हेच ना. म. जोशी. ट्रेड युनियन काँग्रेस, परळचे सभागृह आणि जननाट्य संघ या तिन्ही ठिकाणी हा एकच मवाळ प्रकृतीचा, चष्म्याआडून पाहणारा गृहस्थ आढळतो. कामगाराची संघटना आणि कामगाराची कला या दोन वेगळ्या खात्यांतल्या गोष्टी आहेत असे त्याला कधी वाटले नाही. आपल्याकडे मात्र नंतर कलापथक म्हणजे सभेआधी गर्दी जमविण्याचे साधन, अशी समजूत रूढ झाली.

गिरणगावाची सगळीच रंगभूमी छपराखाली नव्हती. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्याचे रंगमंच म्हणजे परळचे कामगार मैदान, चाळींची पटांगणे, गिरणीचा दरवाजा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या पटांगणांनी जे केले ते कोणत्याही नाट्यगृहाने केले नाही. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा लागे. दुसऱ्या पाळीचा कामगार सुटल्यावर तेथे जाई, आणि फडावरच्या सोंगाड्याने मुकादमाची नक्कल केली की छप्पर उडेल इतका हशा होई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा आत गेलेच नाहीत. तिकीट काढणाराच उरला नाही तेव्हा हनुमानमधला तमाशा थांबला. गिरण्यांच्या जमिनींवर आज मॉल आहेत, काचेच्या कचेऱ्या आहेत. त्यांत बहुपडदा चित्रपटगृहेही आहेत. तेथील मक्याच्या लाह्यांच्या भावात पूर्वी अख्खे कुटुंब नाटक पाहून येई.

गिरगाव-दादरचे थोडक्यात सांगतो, कारण ते वाचकांना परिचित आहे. गिरगावच्या केळेवाडीतील साहित्य संघ मंदिर ही डॉ. अ. ना. भालेराव यांच्या चिकाटीची वास्तू. बोलपटांनी मराठी नाटक जवळपास गिळले असताना संघाने नाट्यमहोत्सव भरवून ते तगविले. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ चे, आणि मध्यमवर्गीय मराठी माणसाचे ते हक्काचे घर. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते छबिलदास. ते नाट्यगृह नव्हतेच. शाळेचे सभागृह होते. 'आविष्कार'च्या मंडळींनी १९७४ पासून तेथे प्रयोग सुरू केले. ना उंच रंगमंच, ना मखमली पडदा. प्रेक्षक मिळेल तेथे बसे, उकाड्याने घामाघूम होई आणि तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा येई. समांतर नाटकाची एक पिढी या शाळेच्या सभागृहात वाढली, कारण भाडे परवडत होते. शाळेचे दार बंद झाले तेव्हा त्या चळवळीला माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड हलवावे लागले. इतक्या गाजलेल्या चळवळीला स्वतःचे छप्पर मिळू नये, आणि १९८० मध्ये नरिमन पॉइंटला समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर टाटा थिएटर दिमाखात उभे राहावे, यावर भाष्य करण्याची गरज नसावी. टाटा थिएटरमधला नाद अप्रतिम आहे, हे मी स्वतः अनुभवले आहे. परळहून तेथे जायला बसचे दोन टप्पे लागतात, हेही अनुभवले आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दामोदर पुनर्बांधणीसाठी बंद झाले. शंभर वर्षे पुरी करून एक वर्ष झाले होते. नाट्यकलावंतांनी, कोकणातल्या लोककलावंतांनी आणि परळकरांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. त्या आवाजात आपला आवाज फारसा ऐकू आला नाही, ही गोष्ट मला खटकते.

येथे कोणी म्हणेल, जुनी इमारत मोडकळीस आली तर पाडू नये काय? जरूर पाडावी. प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर कोसळण्याची वाट पाहणे म्हणजे वारसा-प्रेम नव्हे. मी जुन्या विटांचा भक्त नाही. नाट्यगृह चालविणाऱ्या संस्थांची अडचणही खरी आहे: वर्षातले निम्मे दिवस रिकामे, विजेचे बिल चढते, कर भरायचे, आणि मंडळांना भाडे वाढवू नका असे वाटते. लीगसारख्या शंभर वर्षे शिक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेला तिच्या आवारात शाळेसाठी जागा हवी असेल, तर ती मागणीही वाईट म्हणता येणार नाही. परंतु त्याच जागेवर नवे नाट्यगृह देऊ, या वाक्याचा अर्थ नीट तपासून घेतला पाहिजे. नवे म्हणजे किती आसनांचे? रंगमंच किती खोल? नमनाला तीस-तीस माणसे एका वेळी उभी राहतात. चर्चासत्राच्या व्यासपीठावर ती मावत नाहीत. आणि मुख्य म्हणजे भाडे किती? वातानुकूलित, गुळगुळीत, लाकडी तक्तपोशीचे सभागृह बांधून त्याचे भाडे तिप्पट केले, की कागदोपत्री नाट्यगृह राहते आणि मंडळे आपोआप बाहेर जातात. कोणी त्यांना हाकलले असे म्हणताही येत नाही.

मुंबईत वारसा वास्तूंची नियमावली १९९५ पासून आहे. तिच्यामुळे पुष्कळ सुंदर दर्शनी भाग वाचले, हे निर्विवाद. पण ती दगड पाहते, प्रेक्षक पाहत नाही. कमान किती जुनी याला श्रेणी मिळते. त्या कमानीखालून कोण आत जात होते याला नाही. त्यामुळे बादशहाने उघडलेली इमारत सहज वारसा ठरते. बाबासाहेबांनी सभा घेतलेल्या आणि कोकणच्या कुणब्यांनी शंभर वर्षे नाचविलेल्या सभागृहासाठी मात्र भांडावे लागते. यात कारस्थान आहे असे नव्हे. ज्यांनी याद्या केल्या त्यांनी दामोदरमध्ये कधी नाटक पाहिले नसावे, एवढेच.

दोष केवळ त्यांचा नाही. आपल्या चळवळींनी मुंबईतले सारे रंगमंच वापरले, त्यांवरून गाणी म्हटली, ठराव केले, आणि पडदा पडल्यावर घरी गेलो. साऱ्या डाव्या चळवळीच्या ऐन भरात, गिरणगावात तिचे बळ असतानाही, कामगारांच्या वर्गणीतून, कामगारांच्या मालकीचे एक नाट्यगृह उभारावे असे आपल्याला सुचले नाही. कचेऱ्या घेतल्या, छापखाने घेतले. रंगमंच दुसऱ्याचा चालवून घेतला. मालकी दुसऱ्याची असली की निर्णयही दुसऱ्याचा असतो, हे आपण इतरांना शिकवीत आलो.

तेव्हा आता निदान एवढे करता येईल. परळ, लालबाग, शिवडी येथील साथींनी कोकणातल्या मंडळांबरोबर बसून मागणी नेमकी करावी: नवे नाट्यगृह जुन्याइतक्या आसनांचे असावे, वर्षातील ठरावीक रात्री, विशेषतः शिमग्याच्या आगेमागे व गणपतीनंतर, लोककलांच्या मंडळांसाठी राखून ठेवाव्यात, त्यांचे भाडे ठरविताना मंडळांचा प्रतिनिधी असावा, आणि हे सारे लेखी असावे. महापालिकेने व शासनाने तुटीचा काही भाग उचलावा. उड्डाणपुलाला नफा किती होतो, असे कोणी विचारीत नाही. नाट्यगृहालाच तो प्रश्न का विचारावा? दरम्यानच्या काळात मंडळांनी जायचे कोठे, हा प्रश्न तर अधिकच निकडीचा. नानांच्या गावच्या मुंबईकर मंडळींना उपनगरातल्या एका सभागृहाने रात्री दहानंतर मृदंग वाजवायचा नाही, अशी अट घातली. नमन दहाला तर कोठे रंगात येते!

दुसरे काम त्याहून सोपे आहे. घरोघरी जुन्या ट्रंका आहेत. त्यांत हस्तपत्रके, प्रयोगाच्या परवानग्या, सभागृहाच्या भाड्याच्या पावत्या, मंडळांची हिशेबवहीची पाने पडून आहेत. ती जमविली पाहिजेत. दामोदर कोणाचे होते हे उद्या सिद्ध करावे लागले, तर वास्तुशास्त्रज्ञाच्या आराखड्यापेक्षा पावती उपयोगी पडेल. तिच्यावर मंडळाचे नाव असते.

नानांना मी परळला घेऊन गेलो. नातवाने पुस्तिकेच्या कोऱ्या पानावर १९२२, १९२४ ही साले टिपून घेतली आणि आजोबांना विचारले की तुमच्या मंडळाचा येथला पहिला प्रयोग केव्हाचा. त्यांना साल आठवेना. गावी परतल्यावर त्यांनी पेटी उपसली, आणि परवा टपालाने एक पिवळी पडलेली पावती आली. घडीवर फाटली आहे, साल नेमके तेथेच आहे. मंडळाचे नाव मात्र वाचता येते.